गिनी पिगचा लिटर बॉक्स

गिनी पिगचा लिटर बॉक्स म्हणजे पाळीव गिनी पिगांच्या पिंजऱ्यात मलमूत्र शक्यतो एका जागी साठावे म्हणून ठेवलेली उथळ पेटी होय. तिच्या तळाशी ओल शोषणारी भर असते आणि भरीवर, किंवा पेटीला लागून असलेल्या गव्हाणीत, वाळलेले गवत असते. प्राणी पाळणाऱ्या मराठी कुटुंबांत ‘लिटर बॉक्स’ आणि ‘लिटर ट्रे’ हे दोन्ही शब्द बोलले जातात. पुढे सोयीसाठी ‘पेटी’ हा साधा शब्द वापरला आहे.

मांजराच्या पेटीशी नाव एक असले, तरी दोहोंचा वापर सारखा नाही. मांजर मलविसर्जनासाठी पेटी शोधत येते. गिनी पिग सहसा तसे करत नाही. तो जेथे खातो, विसावतो आणि लपतो तेथेच मलमूत्र विसर्जित करतो. त्यामुळे पेटी कोणत्या दुकानातून आणली यापेक्षा ती पिंजऱ्यात कोठे ठेवली यावर तिचा उपयोग अवलंबून असतो. हे ध्यानात न घेतल्याने कित्येक घरांत पेटी आठवड्याभरात अडगळीत जाते आणि प्राण्यावर मात्र घाणेरडेपणाचा शिक्का बसतो. योग्य जागी ठेवलेल्या पेटीत बहुतेक मूत्र आणि लेंड्यांचा मोठा भाग जमा होतो. सर्व लेंड्या पेटीतच पडतील ही अपेक्षा मात्र कोणत्याही उपायाने पुरी होत नाही.

पार्श्वभूमी

केव्हिया पोर्सेलस हे शास्त्रीय नाव असलेला गिनी पिग हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील, सस्तन प्राणी आहे. नावात असले तरी तो डुकराच्या कुळातील नाही आणि गिनी देशातीलही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात काही हजार वर्षांपूर्वी तो मांसासाठी माणसाळवला गेला आणि सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला. पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर या देशांच्या ग्रामीण भागात त्याला ‘कुय’ म्हणतात. तेथे स्वयंपाकघराच्या जमिनीवर चुलीच्या उबेला त्याचे कळप मोकळे ठेवण्याची जुनी प्रथा आहे. चारा जमिनीवर टाकायचा आणि लेंड्या झाडून शेतात न्यायच्या, अशा व्यवस्थेत पेटीची गरज पडत नाही. दिवाणखान्यातील पिंजरा, फरशी आणि बंद खिडक्या आल्या तेव्हा हा प्रश्न निर्माण झाला.

लिटर बॉक्सची कल्पना मांजरांकडून आली. पूर्वी घरातील मांजरांसाठी वाळू किंवा राख ठेवली जाई. १९४७ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड लो यांनी ओल शोषणारी दाणेदार माती मांजरांसाठी विकण्यास प्रारंभ केला. फुलर्स अर्थ या नावाची ही माती महाराष्ट्रातील घरांना मुलतानी माती म्हणून परिचित आहे. या मालाचा पुढे मोठा व्यापार झाला आणि सशांच्या व गिनी पिगांच्या पेट्या मांजरांच्या पेट्यांच्या धर्तीवर विकल्या जाऊ लागल्या. या उसनवारीतून झालेल्या काही चुका अजून चालू आहेत. त्यांचा विचार पुढे केला आहे.

प्राण्याचा देहधर्म

प्रौढ गिनी पिगची लांबी साधारण २० ते २५ सेंटिमीटर आणि वजन ७०० ते १,२०० ग्रॅम असते. तो दिवस-रात्र थोड्या थोड्या वेळाने झोपतो, उठतो आणि खातो. त्याच्या आहाराचा मुख्य भाग गवत हा असून ते अखंड पोटात जात राहिले तरच आतड्यांची हालचाल नीट राहते. खाणे सतत असल्याने विसर्जनही सतत असते. एक निरोगी प्राणी दिवसात शंभराहून अधिक लेंड्या टाकतो. त्यांपैकी पुष्कळशा तो गवत चघळत असतानाच टाकतो आणि त्यासाठी थांबतही नाही. लेंड्या कोरड्या, लांबट गोल आणि जवळजवळ गंधहीन असतात. पिंजऱ्याची दुर्गंधी प्रामुख्याने मूत्रामुळे येते.

याखेरीज गिनी पिग मऊ लेंड्यांचा दुसरा प्रकारही टाकतो. त्या अंधनालात तयार होतात, त्यांत जीवनसत्त्वे व उपयुक्त सूक्ष्मजीव असतात, आणि प्राणी मान वळवून त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे पाहून नवखे पालक दचकतात, परंतु ही क्रिया त्याच्या पचनाचा आवश्यक भाग आहे. या लेंड्या पेटीत पडण्याआधीच खाल्ल्या जात असल्याने पेटी रोज साफ केली तरी प्राण्याच्या पोषणात उणीव येत नाही.

गिनी पिगचे मूत्र अल्कधर्मी आणि गढूळ असते. आहारातील जादा कॅल्शियम त्याच्या शरीरातून मूत्रावाटे बाहेर पडते आणि वाळल्यावर पेटीच्या तळाशी त्याचे पांढुरके पुट चढते. मूत्र साचून राहिले की जिवाणूंच्या क्रियेने अमोनिया वायू तयार होतो. गिनी पिगचे नाक जमिनीपासून दोन-चार सेंटिमीटर वर असते. म्हणून उभ्या माणसाला जो वास जेमतेम जाणवतो, तो त्या प्राण्याला दाट झालेल्या हवेत श्वासागणिक घ्यावा लागतो. अमोनियाने श्वसनमार्गाचे अस्तर दुखावते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. गिनी पिगांमध्ये न्यूमोनिया अनेकदा प्राणघातक ठरतो.

दुसरा धोका पायांना असतो. गिनी पिगच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असतात. तळव्यांवर केस नसतात. ओल्या, खरखरीत किंवा तारेच्या पृष्ठभागावर सतत उभे राहिल्याने तळवे लाल होतात, सुजतात, फुटतात आणि जखमेत जंतुसंसर्ग होतो. पोडोडर्मटायटिस या नावाचा हा विकार वाढल्यास संसर्ग हाडापर्यंत जातो आणि मग तो बरा होणे दुरापास्त असते. पेटीमुळे घरमालकाची सोय होते हे खरे. परंतु प्राण्याचे पाय व फुप्फुसे कोरड्या, स्वच्छ हवेत राहावीत हा तिचा अधिक महत्त्वाचा हेतू आहे.

पेटीची निवड

पेटीत प्राण्याला शिरून, पूर्ण वळून, सावकाश बसून गवत खाता आले पाहिजे. एका किंवा दोन प्राण्यांसाठी सुमारे ३० × ४० सेंटिमीटरचा तळ सोयीचा ठरतो. दुकानांत कोपऱ्यात बसणाऱ्या तिकोनी पेट्या मिळतात. त्या दिसायला नीटनेटक्या असल्या तरी बहुतेक प्रौढ गिनी पिगांना अपुऱ्या पडतात. प्राण्याचे पुढचे पाय आत आणि पार्श्वभाग बाहेर राहतो, म्हणजे नको तेच बाहेर पडते. मांजरांसाठी मिळणारा मोठा, उघडा, उथळ ट्रे त्या मानाने अधिक उपयोगी आहे.

आत शिरण्याच्या बाजूची कड पाच ते सात सेंटिमीटरांहून उंच नसावी. गिनी पिग उड्या मारण्यात किंवा चढण्यात तरबेज नाही. वृद्ध, लठ्ठ, गाभण किंवा सांधे आखडलेल्या प्राण्यासाठी ही कड आणखी कमी, तीन सेंटिमीटरांच्या आसपास, ठेवावी किंवा पुढे एक चपटी वीट ठेवून पायरी करावी. मागची आणि बाजूची भिंत मात्र उंच हवी. लघवी करताना गिनी पिग मागे सरकत कोपऱ्याला टेकतो आणि पार्श्वभाग किंचित उचलतो; भिंत बुटकी असल्यास धार पेटीबाहेर जाते. पेटी वापरूनही खालचे अंथरूण ओले का होते, याचे उत्तर बहुधा याच भिंतीत सापडते.

घरातील वस्तूंपासून पेटी करता येते. कपडे किंवा खेळणी ठेवण्याचा जाड प्लास्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू कापली आणि कापलेली कड घासून किंवा पट्टी चिकटवून गुळगुळीत केली, तर तो विकतच्या पेटीइतकाच टिकतो. घमेले स्वस्त व हाताशी असते, परंतु ते गोल असल्याने टेकायला कोपरा मिळत नाही आणि उतरत्या कडांवर पाय घसरतात. स्टीलच्या परातीचेही तसेच. शिवाय तिच्यात नखे वाजतात आणि भित्रा प्राणी त्या आवाजाने बिचकतो. पत्र्याच्या तबकाला मूत्राने गंज चढतो. लाकडी खोके मूत्र पिऊन घेते आणि त्याचा वास कितीही धुतले तरी जात नाही. थर्माकोल तर वापरूच नये, कारण गिनी पिग तो कुरतडून गिळतो.

पेटीच्या तळावर तारेची जाळी बसवलेले नमुनेही बाजारात दिसतात. लेंड्या जाळीतून खाली पडतात आणि प्राणी कोरडा राहतो, असे त्यांचे समर्थन केले जाते. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे तळव्यांना इजा होते आणि बोटे किंवा नखे अडकून मोडतात. असा नमुना घेतलाच असेल, तर जाळी काढून टाकावी.

छप्पर असलेली पेटी हा थोडा वादाचा विषय आहे. गिनी पिग हा भक्ष्य होणारा प्राणी असल्याने त्याला डोक्यावर आडोसा आवडतो. तथापि बंद पेटीत अमोनिया कोंडतो. शिवाय एकच दार असल्यास कळपातील वरचढ प्राणी दाराशी बसून दुसऱ्याला आत अडवून धरतो. उघड्या पेटीवर कापडाची झालर सोडली तर आडोसाही मिळतो आणि हवाही खेळती राहते.

भर

भर तीन कसोट्यांवर तपासावी: ती ओल शोषते का, तिची धूळ उडते का आणि प्राण्याने ती खाल्ली तर काय होईल. तिसरी कसोटी मांजरांच्या बाबतीत क्वचितच लागते. गिनी पिग मात्र पेटीतच जेवत असल्याने त्याच्या बाबतीत ती निर्णायक असते.

कागदाच्या लगद्यापासून केलेल्या गोळ्या किंवा मऊ तुकडे ही सर्वांत निर्धोक भर मानली जाते. ॲस्पेन लाकडाचा धूळविरहित भुगा आणि भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या गोळ्याही चालतात. पाइनच्या गोळ्या तळव्यांना कठीण लागतात. त्यांच्यावर गवताचा जाड थर हवाच. देवदार व न वाळवलेल्या पाइनच्या भुग्यातून निघणारी सुगंधी द्रव्ये श्वसनमार्गाला व यकृताला अपायकारक असल्याने ती टाळावीत. लाकडाच्या वखारीतून किंवा सुताराकडून फुकट मिळणारा भुसा मोह पाडणारा असतो. पण त्यात कोणकोणती लाकडे मिसळली आहेत, कोणत्या लाकडाला वाळवीचे औषध किंवा पॉलिश लागले होते हे कळण्यास मार्ग नसतो, आणि त्याची धूळही बारीक असते.

मांजरांसाठी बनवलेली, ओल लागताच घट्ट गोळा होणारी बेंटोनाइट मातीची भर गिनी पिगला कदापि वापरू नये. ती गवताबरोबर पोटात गेली तर तेथेही तिचा गोळा होतो आणि आतडे अडते. इतक्या लहान शाकाहारी प्राण्याचे आतडे अडले, तर उपचारासाठी फार थोडा अवधी मिळतो. टोफूपासून केलेली गोळा होणारी भर खाद्यपदार्थाची असल्यामुळे अनेकांना सुरक्षित वाटते, पण तिच्यावरही हाच आक्षेप आहे. सिलिका जेलचे खडे व सुवासिक भर हेही वर्ज्य समजावेत. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांचे तुकडे दमट हवेत लवकर बुरसतात. भाताचे तूस कोंबड्यांच्या खुराड्यात चालते; येथे ते ओल धरत नाही आणि त्याचे टोकदार कण डोळ्यांत जातात. वर्तमानपत्राच्या पट्ट्या वापरण्यास तशी हरकत नाही, परंतु त्या लगेच चिंब होतात आणि ओल्या राहतात. म्हणून दिवसातून दोनदा बदलण्याची तयारी असेल तरच त्या घ्याव्यात.

भरीचा थर दोन ते तीन सेंटिमीटर पुरेसा होतो. पिंजऱ्याच्या उरलेल्या भागात फ्लीसचे कापड अंथरले आणि पेटीत वेगळ्या स्पर्शाची भर ठेवली, तर पायांखालचा हा फरक प्राण्याला पेटी ओळखण्यास साहाय्य करतो, असा अनेक पालकांचा अनुभव आहे.

पेटीची जागा

पेटी विकत आणण्यापूर्वी किंवा निदान ठेवण्यापूर्वी चार-पाच दिवस पिंजऱ्याचे निरीक्षण करावे. फ्लीसवर किंवा कागदावर ओलीचे डाग कोठे पडतात आणि लेंड्यांचे ढीग कोठे होतात, हे एका साध्या नकाशावर खुणा करून टिपता येते. बहुधा दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा दिसतात: गवताच्या खाली, पाठीमागे भिंत असलेला एखादा अंधारा कोपरा आणि लपण्याच्या घराचा आतला भाग. पहिली पेटी यांपैकी सर्वाधिक ओल्या जागी ठेवावी. माणसाला सोयीचा, दाराजवळचा आणि साफ करायला हाताशी असलेला कोपरा पुष्कळदा प्राण्याला नको असतो, कारण तेथे वर्दळ असते.

गवत हे पेटीचे खरे आकर्षण होय. म्हणून पेटीच्या एका टोकाला, पिंजऱ्याच्या भिंतीवर, गव्हाण बसवतात. तिची उंची प्राण्याच्या तोंडाच्या पातळीला असावी. ती डोक्यावर राहिली तर गवताचा चुरा व काड्या डोळ्यांत पडतात, आणि काडी लागून डोळ्याला इजा होणे ही गिनी पिगांमधील नेहमीची तक्रार आहे. गव्हाण अशा रीतीने लावावी की खाताना प्राण्याचे चारही पाय पेटीत राहतील. ती पेटीच्या बाहेर असेल, तर प्राणी तोंड गव्हाणीकडे आणि पाठ पेटीबाहेर ठेवून खातो आणि सगळी योजना फसते. ज्यांच्या फटींत डोके अडकू शकते असे तारेचे टांगते गोळे गव्हाण म्हणून वापरू नयेत. गव्हाणीऐवजी पेटीतच भरीवर गवताचा ढीग टाकण्याची पद्धतही सर्रास आढळते. ती प्राण्याला अधिक रुचते, कारण त्याला गवतात तोंड खुपसून निवड करायला आवडते. मात्र खालचे ओले गवत रोज काढून टाकावे लागते, आणि ताजे गवत टाकण्यात कुचराई झाली तर प्राणी मळलेले गवत खातो किंवा उपाशी राहतो. गवत कमी पडू न देणे हा पेटीच्या यशाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा उपाय आहे.

पाण्याची बाटली पेटीच्या वर टांगू नये. ठिबकणाऱ्या पाण्याने कागदाच्या गोळ्या फुगून त्यांचा लगदा होतो आणि मूत्राची ओल किती, पाण्याची किती हे समजेनासे होते. दाणेदार खाद्याची वाटी आणि भाज्या यांची जागाही पेटीपासून वेगळी असावी.

गिनी पिग समूहात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडच्या कायद्यानुसार तर त्याला एकटे पाळता येत नाही. दोन प्राण्यांसाठी किमान साडेसात चौरस फूट, म्हणजे सुमारे ०.७ चौरस मीटर, आणि शक्य असल्यास साडेदहा चौरस फूट जागा असावी, असा संकेत आहे. अशा पिंजऱ्यात दोन प्राण्यांसाठी दोन पेट्या परस्परविरुद्ध टोकांना ठेवणे इष्ट ठरते. एकच पेटी असेल तर वरचढ प्राणी तिच्यावर व तिच्यातील गवतावर हक्क सांगतो आणि दुसरा भुकेला राहतो. अशा वेळी पेटीबाहेरची घाण ही त्या दुसऱ्या प्राण्याच्या कोंडीची खूण असते. दुकानात मिळणाऱ्या लहान पिंजऱ्यात पेटी ठेवली की हालचालीला जागाच उरत नाही. तेथे सगळा तळच भरीने झाकणे हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे.

महाराष्ट्राच्या हवामानात पिंजऱ्याच्या जागेचाही विचार करावा लागतो. गिनी पिगला साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि तीस अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका संभवतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात प्राणी थंड स्पर्शाची जागा शोधतात आणि कित्येकदा पेटीतच अंग टाकून पडतात. अशा दिवसांत भर दोन वेळा बदलावी, नाहीतर पोटाचा व मांड्यांचा भाग मूत्राने पोळतो. कूलरचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गवताला बुरशी लागते. गवत प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून न ठेवता कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवावे. कुबट वास आला की टाकून द्यावे. बाल्कनीत पिंजरा ठेवल्यास वास घरात येत नाही हे खरे, पण तेथे ऊन, पावसाची झड, मांजर आणि कावळे हे चारही शत्रू असतात. बंदिस्त घरात, हवा खेळती असलेल्या पण वाऱ्याचा झोत नसलेल्या भिंतीशी पिंजरा असावा.

सवय लावणे

गिनी पिगला कुत्र्याप्रमाणे शिकवता येत नाही. त्याच्या स्वाभाविक सवयीला अनुकूल अशी मांडणी करता येते. नव्या पेटीत त्याच्याच थोड्या लेंड्या आणि मूत्राने भिजलेला कागदाचा तुकडा ठेवावा, वर भरपूर ताजे गवत घालावे आणि पेटी किमान दोन आठवडे हलवू नये. प्राणी पेटीत बसलेला दिसला की त्याला कोथिंबिरीची काडी किंवा ढोबळ्या मिरचीचा तुकडा तेथेच द्यावा. गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते आहारातूनच मिळावे लागते. ढोबळी मिरची ही त्या दृष्टीनेही उत्तम. पेटीबाहेर पडलेल्या लेंड्या गोळा करून पेटीत टाकाव्यात.

रागावणे, टाळी वाजवणे, प्राण्याला उचलून जबरदस्तीने पेटीत बसवणे यांतून काहीही साधत नाही. घाबरलेला गिनी पिग गोठल्यासारखा निश्चल होतो, आणि पुढे त्याच पेटीला भिऊ लागतो. पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असून एक-दोन दिवसांतच गवत चघळू लागतात. ती आईच्या मागे पेटीत जाऊ लागतात आणि सवय लावण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो.

काही मूत्रविसर्जन पेटीबाहेरच होणार हे गृहीत धरावे. नर पार्श्वभाग जमिनीवर घासत आपला गंध सोडतो. नको असलेल्या नरावर मादी मूत्राची पिचकारी मारते. ही त्यांच्या आपसांतल्या बोलण्याची रीत आहे. आधी व्यवस्थित पेटी वापरणारा प्राणी एकाएकी बाहेर लघवी करू लागला, तर मात्र तो आजारी नाही ना, हे प्रथम पाहावे.

स्वच्छता

ओली भर व मळके गवत दररोज काढावे आणि पेटी दोन दिवसांतून एकदा पूर्ण रिकामी करून धुवावी. वास येऊ लागला की साफ करू, हा हिशेब चुकीचा आहे, कारण तोवर प्राण्याच्या नाकाला तो पुष्कळ काळ लागलेला असतो. तळाचे पांढरे पुट पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पंधरा-वीस मिनिटे भिजवल्यावर सुटते. नंतर साध्या पाण्याने धुऊन पेटी पूर्ण वाळवावी आणि नव्या भरीवर जुन्यातील मूठभर लेंड्या टाकाव्यात, म्हणजे ओळखीचा गंध राहतो.

आपल्याकडे फरशी पुसण्यासाठी फिनाइल वापरण्याचा प्रघात आहे. त्यातील फिनॉल वर्गातील द्रव्ये लहान प्राण्यांना विषारी असल्याने पेटी, पिंजरा आणि प्राणी जेथे फिरतात ती फरशी यांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. ब्लीचिंग पावडर मूत्र लागलेल्या पेटीत टाकल्यास अमोनियाशी संयोग होऊन घातक वायू निर्माण होतो. तो माणसालाही बाधतो.

पेटीवरून होणारे निदान

गिनी पिग आजार लपवतो. अशक्त दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो, म्हणून दुखत असतानाही तो कळपात मिसळून राहतो आणि पालकाच्या लक्षात येईतो रोग बळावलेला असतो. रोज साफ होणारी पेटी ही या बाबतीत मोठी साहाय्यकारी वस्तू आहे. कोणता प्राणी किती खातो हे नेहमी दिसत नाही. पेटीत काय पडले आहे ते दिसते.

लेंड्या एकसारख्या, तपकिरी आणि भरदार असाव्यात. त्या लहान, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या झाल्या असतील, तर प्राणी कमी खात आहे असा अर्थ निघतो. त्यामागे अनेकदा दातांची बेसुमार वाढ असते, कारण गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत कमी पडले की झिजत नाहीत. लेंड्या केसांनी एकमेकींना जोडलेल्या असल्यास केस पोटात जात आहेत. मऊ, चिकट लेंड्या पाणीदार भाज्या किंवा फळे जास्त झाल्याचे दाखवतात. पातळ जुलाब हे मात्र गंभीर लक्षण आहे. खाणे थांबले आहे आणि अर्ध्या दिवसात एकही लेंडी पडलेली नाही, अशा वेळी सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. वृद्ध नरांमध्ये गुदद्वाराचे स्नायू सैल पडून मऊ विष्ठा आत साचते. पेटीत लेंड्या अगदी कमी आणि अधूनमधून एखादा मोठा, दुर्गंधीयुक्त गोळा दिसला, तर तसा संशय घ्यावा.

मूत्राचे पांढरट डाग नेहमीचेच असतात. बोटांनी चोळल्यावर वाळूसारखे खरखरीत कण लागले, तर मूत्राशयात कॅल्शियम साचत आहे आणि मुतखड्याचा धोका आहे असे समजावे. प्रौढ प्राण्याला लसूणघास नियमित देणे हे त्याचे एक कारण असू शकते, कारण त्यात कॅल्शियम अधिक असते. तो पिल्लांना व गाभण माद्यांना द्यावा. तांबूस किंवा नारिंगी डाग पाहून लगेच घाबरू नये. बीट खाल्ल्याने किंवा मूत्रातील रंगद्रव्ये हवेत वाळल्यानेही तसा रंग येतो. भर काढून पांढऱ्या कागदावर ताजे मूत्र पाहावे. ते ताजे असतानाच लाल असेल, किंवा लघवी करताना प्राणी पाठीला बाक आणून किंचाळत असेल, तर मुतखडा, मूत्राशयाचा दाह किंवा मादीमध्ये गर्भाशयाचा विकार संभवतो. लक्षण दिसलेली ओली भर किंवा कागद स्वच्छ डबीत घालून पशुवैद्याकडे नेल्यास निदानाला मदत होते.

दोन प्राणी एकाच पेटीत जात असतील, तर कोणाचे काय हे ओळखणे कठीण जाते. संशय आला की दोघांना काही तास जाळीच्या आडपडद्याने वेगळे करावे, परंतु एकमेकांना पाहता व हुंगता येईल असे ठेवावे. जोडीदार अजिबात दिसेनासा झाला की निरोगी प्राणीही खाणे कमी करतो आणि निरीक्षण फोल ठरते. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर केलेले वजन आणि पेटीतील लेंड्या यांची नोंद एकाच वहीत ठेवल्यास बदल लवकर ध्यानात येतो.

वापरलेल्या भरीची विल्हेवाट

भर संडासात टाकू नये. कागदाच्या व लाकडाच्या गोळ्या फुगून नळ तुंबतो. शाकाहारी प्राण्याची विष्ठा असल्याने लेंड्या, मळके गवत आणि कागदाची भर खतासाठी उपयोगी पडते. बाल्कनीतील कुंड्यांत लेंड्या थेट मिसळता येतात. मूत्राने भिजलेली भर मात्र आधी कोरडा पालापाचोळा घालून कुजवावी. अँडीजमधील शेतकरी कुयच्या लेंड्या आजही खत म्हणून शेतात टाकतात.